"राजीनामा" म्हणजे तडजोड: इंदूरच्या कोर्टात आपसांत मिटणारे फौजदारी खटले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी वकिली करते. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, टिळक नगर इथल्या मराठी घरांतून फोन येतो, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: "ताई, आमचं आपसांत मिटलंय, आता केस बंद करायची." मिटलेलं असतं हे खरं. पण कुठलं भांडण माणसांनी मिटवायचं आणि कुठलं नाही, हे कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय. ते न बघता केलेल्या तडजोडीपायी लोकांचे पैसेही जातात आणि वर्षंही. म्हणून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रसंग सांगताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१. मुन्शीजी म्हणाले, "अगली पेशी पे राजीनामा लगा देंगे." हा कसला राजीनामा?

मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडण्याचा कागद. मध्य प्रदेशातल्या कोर्टात त्याच शब्दाचा अर्थ तडजोडनामा, दोन्ही पक्ष राजी असल्याचा लेख. पुण्या-नागपूरहून इथे आलेल्या प्रत्येकाला हा शब्द एकदा तरी अडवतो. आणखी काही शब्द माहीत असू द्या. फिर्याद देणारा तो "फरियादी", आरोपी म्हणजे "मुलजिम". "चालान पेश झालं" म्हणजे दंडाची पावती फाटली असं नाही, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. "खारिजी" म्हणजे पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल. "नकल" म्हणजे कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत. "अदम चेक" हा शब्द प्रश्न ५ मध्ये येईल.

२. गुन्हा तर सरकारविरुद्ध असतो. मग दोन माणसं तो मिटवू कसा शकतात?

बहुतेक गुन्हे नाहीच मिटवू शकत. काही गुन्ह्यांत मात्र इजा मुख्यतः एका माणसाला झालेली असते आणि त्याने माफ केलं तर समाजाचं फारसं बिघडत नाही. अशा गुन्ह्यांची यादी कायद्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम ३५९ ही आजची यादी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३२० होतं. यादीत दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे ज्याच्याविरुद्ध घडले तो माणूस कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवू शकतो. दुसऱ्या तक्त्यातल्यांना परवानगी लागते. दोन्ही तक्त्यांत नसलेला गुन्हा तडजोडीने मिटतच नाही, असं कलमातच स्पष्ट म्हटलंय.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतात, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. म्हणून वकिलाकडे जाताना एफआयआरची प्रत घेऊन या. "मारामारीची केस आहे" एवढ्यावर कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही.

३. मग आमच्यासारख्या भांडणांतली कोणती कलमं मिटतात?

कॉलनीतल्या, पार्किंगच्या, भाडेकरूच्या भांडणांत येणारी बरीचशी. (पुढचे आकडे भारतीय न्याय संहितेच्या कलमांचे.) साधी मारहाण ११५(२), वाट अडवणं १२६(२), अंगावर जाणं १३१, मुद्दाम अपमान करून भडकवणं ३५२, धमकी ३५१, घरात घुसणं ३२९(४) ही पहिल्या तक्त्यात आहेत. खासगी माणसाच्या वस्तूची मोडतोड आणि साधी चोरी ३०३(२) हीदेखील त्यातच. चोरी मिटवण्याचा हक्क वस्तूच्या मालकाचा.

परवानगी लागणाऱ्यांत गंभीर दुखापत ११७(२), विश्वासघात ३१६(२) आणि फसवणूक ३१८(४) येतात. नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरीही त्यातच.

चोरीबद्दल एक बारकावा. घरातून झालेली चोरी हे वेगळं, जास्त कडक कलम आहे, ते यादीत नाही. मोलकरणीवर किंवा ओळखीच्या मुलावर रागाच्या भरात "घरात घुसून चोरी" असं लिहून देणारे लोक आठवड्याने वस्तू सापडली की माझ्याकडे येतात. तोवर मिटवण्याचा सोपा दरवाजा बंद झालेला असतो. फिर्याद लिहून देताना जे घडलं तेवढंच लिहा.

४. आमच्या एफआयआरमध्ये २९६, ११५(२), ३५१(३), ३(५) अशी कलमं आहेत. सगळं एकदम मिटेल ना?

इंदूरमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांत कलमांचं हे चौकडं इतक्या वेळा येतं की मला ते न बघता लिहिता येईल. जुन्या कायद्यात तेच चौकडं २९४, ३२३, ५०६, ३४ असं असायचं. अश्लील शिव्या, मारहाण, जिवे मारण्याची धमकी, आणि हे सगळं मिळून केलं.

मारहाण आणि धमकी मिटते. ३(५) हे समान इराद्याचं कलम आहे, ते मूळ गुन्ह्याबरोबर जातं. अडतं ते २९६ वर, सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारण्यावर. ते कलम ३५९ च्या यादीत नाही. शिक्षा किरकोळ आहे, जास्तीत जास्त ३ महिने किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण मिटत नाही. जुन्या संहितेला मध्य प्रदेशाने १९९९ मध्ये स्वतःची दुरुस्ती जोडली होती आणि त्यामुळे २९४ कोर्टाच्या परवानगीने मिटायचं. म्हणून जुने जाणते सांगतात, "आमच्या वेळी तर मिटलं होतं." त्यांचं खोटं नसतं. पण नव्या केंद्रीय यादीत ते कलम नाही.

हे कलम लागतंच का, तेही समजून घ्या. साधी मारहाण हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस तिच्यावर थेट एफआयआर लिहीत नाहीत. २९६ दखलपात्र आहे. एकाच घटनेत एक जरी दखलपात्र कलम असलं तरी सगळी केस दखलपात्र धरली जाते. फरियादीला "शिव्या दिल्या" हे वाक्य लिहून द्यायला सांगितलं जातं ते यासाठी. ज्या एका वाक्यामुळे एफआयआर नोंदली जाते, तेच वाक्य पुढे तडजोड अडवतं.

मग उरलेल्या २९६ चं काय? तिथे सरळ घाईचा सल्ला मिळतो: "कबूल करो, जुर्माना भरो, घर जाओ." कृपा करून विचार न करता कबूल करू नका. शे-पाचशेचा दंड म्हणजेसुद्धा दोषसिद्धी असते, आणि सरकारी नोकरीच्या वयातल्या मुलाला ती फार महाग पडते (प्रश्न १५ पाहा). नुसती शिवी आणि कायद्यातला "अश्लील" शब्द यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय शब्द सार्वजनिक जागी उच्चारले आणि त्यांनी इतरांना त्रास झाला हेही सिद्ध व्हावं लागतं. पुष्कळदा साक्षीदाराने खरं तेच सांगितलं तरी हे कलम टिकत नाही. साक्षीदाराला खोटं पढवायची गरज नसते, आणि ते करूही नका. दुसरी वाट उच्च न्यायालयाची, ती प्रश्न १० मध्ये आहे.

५. पोलीस ठाण्यात दोघांनी सही केली, टीआय साहेबांसमोर (ठाण्याच्या निरीक्षकांसमोर) मिटलं. मग कोर्टाचं समन्स का आलं?

एफआयआर झालेला गुन्हा मिटवण्याचा अधिकार पोलिसांना नाही. ठाण्यात लिहिलेला कागद तुमच्यातला समेट दाखवतो, त्यापुढे काही नाही. तपास पूर्ण झाला की पोलीस चालान किंवा खारिजी कोर्टात देतातच. चालान गेलं असेल तर समन्स येणारच, आणि ते टाळलंत तर वॉरंट निघेल.

एफआयआर न होता फक्त "अदम चेक" नोंद झाली असेल तर गोष्ट वेगळी. अदम चेक म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, रंगावरून झालेली धक्काबुक्की, वाड्याच्या जिन्यातली बाचाबाची, अशा बऱ्याच गोष्टी त्या नोंदीवरच थांबतात आणि थांबू द्याव्यात.

६. मी फिर्यादी आहे. मला केस मागे घ्यायची आहे. अर्ज कुणाला करू?

एफआयआर "मागे घेणं" अशी सोय फिर्यादीला नाही. एकदा नोंदवली की केस सरकारची होते, तुम्ही तिच्यातले साक्षीदार. तुमच्या हातात आहे ती तडजोड, म्हणजे कोर्टासमोर "मी माफ केलं" असं सांगणं, आणि तेही कलम यादीत असेल तर. तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटतो. नुसती तारखेला गैरहजेरी लावून केस संपेल असं समजू नका; फिर्यादीवरही वॉरंट निघतं.

पोलिसांकडे न जाता थेट कोर्टात खासगी तक्रार केली असेल आणि ती समन्स खटल्याच्या, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या, स्वरूपाची असेल, तर मात्र दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने ती मागे घेता येते.

७. तडजोडीच्या दिवशी कोर्टात नेमकं काय होतं? आई फार घाबरली आहे.

आईंना सांगा, हा सगळा कार्यक्रम थोडक्यात आटपतो. अर्जावर वर "राजीनामा आवेदन पत्र" असं लिहिलेलं असतं. दोन्ही पक्षांच्या सह्या, फोटो, आधारची छायाप्रत आणि ओळख पटवणाऱ्या वकिलाची सही लागते. अर्ज हिंदीत असतो. सही करण्याआधी कुणाकडून तरी तो मराठीत समजून घ्या.

पुकारा झाला की दोघांना पुढे बोलावतात. दंडाधिकारी फिर्यादीकडे बघून विचारतात, "बिना किसी डर, दबाव या लालच के राजीनामा कर रहे हैं?" मागे एक आजी होत्या, पुतण्याने ढकलल्यामुळे मनगट दुखावलेलं. त्यांना "लालच" म्हणजे नेमकं काय विचारतायत ते उमगलं नाही, त्या गप्प उभ्या राहिल्या. साहेबांनी टेबलावरचं पेन खाली ठेवलं, पुतण्याला दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि त्यांना पुन्हा, सावकाश, साध्या शब्दांत विचारलं. आजी म्हणाल्या, "घरचाच पोर आहे. आता नको." त्या मराठीत बोलल्या आणि मी अर्थ सांगितला. मग सही झाली. हे विचारणं म्हणजे कोर्टाचं मुख्य काम आहे. तिथे मनातलं खरं सांगायला कचरू नका. नको असेल तर नको म्हणा, कुणी रागावणार नाही.

८. सही कुणाची लागते? मार तिघांना लागला होता, फिर्याद एकाने दिली.

ज्याला ज्याला इजा झाली त्या प्रत्येकाची. मारहाणीत मिटवण्याचा हक्क इजा झालेल्या माणसाचा असतो, फिर्याद देणाऱ्याचा नव्हे. माझ्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी ही चूक केली आहे. फिर्यादीची सही घेतली, चालानाला जोडलेल्या वैद्यकीय अहवालांची पानं पूर्ण उलटली नाहीत. त्यात धाकट्या भावाच्या ओठावरच्या जखमेचा अहवाल होता. तो नोकरीनिमित्त बाहेरगावी होता, यायला त्याला चार महिने लागले, आणि तेवढ्या सगळ्या तारखा माझ्या पक्षकाराने फुकट घातल्या. तेव्हापासून मी आधी एमएलसीची, म्हणजे या वैद्यकीय अहवालांची, पानं मोजते आणि मग अर्ज लिहायला घेते.

जखमी माणूस १८ वर्षांखालचा किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल तर त्याच्या वतीने पालक मिटवू शकतात, पण कोर्टाच्या परवानगीनेच. जखमी व्यक्ती पुढे वारली असेल तर तिच्या कायदेशीर वारसांना परवानगीने तो हक्क मिळतो. आरोपी अनेक असतील तर एकाशी मिटवून बाकीच्यांवर केस चालू ठेवता येते. ज्याच्याशी तडजोड झाली तेवढाच सुटतो.

९. दोन्हीकडून एफआयआर आहेत. आधी आमची मिटवू की त्यांची?

दोन्ही एकाच दिवशी. काउंटर केसमध्ये एका बाजूने आज माफ केलं आणि दुसऱ्या बाजूने "पुढच्या तारखेला करतो" म्हटलं की पुढची तारीख येतच नाही. दोन्ही केस एकाच कोर्टात असतील तर एकापाठोपाठ अर्ज द्या. वेगवेगळ्या कोर्टांत असतील तर लोकअदालतीचा दिवस धरा (प्रश्न १४).

१०. भांडणात रॉड चालला. दोघंही आता मिटवायला तयार आहेत, तरी वकील नाही म्हणतात. का?

हाताने मारलं तर ११५(२). भोसकण्याचं, कापण्याचं किंवा ज्याने जीव जाऊ शकतो असं साधन वापरलं तर ११८(१). ते यादीत नाही. जुन्या कायद्यात याच गुन्ह्याचं कलम ३२४ एकेकाळी मिटायचं. २००५ च्या दुरुस्तीने ते यादीतून काढलं. याउलट हाताने मारूनही हाड मोडलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत, ११७(२), आणि ती मात्र परवानगीने मिटते! लोकांना हे उफराटं वाटतं. कायदा इथे हत्यार उचलण्याच्या वृत्तीकडे बघतो.

यादीबाहेरच्या केसमध्ये वाट उच्च न्यायालयाची. इंदूरकरांना जबलपूरला जावं लागत नाही, महात्मा गांधी मार्गावरच इंदूर खंडपीठ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, म्हणजे जुन्या ४८२ खाली, उच्च न्यायालय एफआयआर रद्द करू शकतं. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा अधिकार तडजोडीच्या यादीहून वेगळा आहे. भांडण खासगी स्वरूपाचं असेल तर तो वापरता येतो, पण खून, बलात्कार, दरोडा यांत नाही. मध्य प्रदेश शासन विरुद्ध लक्ष्मी नारायण हा २०१९ चा निकाल आपल्याच राज्यातला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे म्हणून डोळे मिटून नकार द्यायचा नाही आणि तडजोड झाली म्हणून डोळे मिटून रद्दही करायचं नाही. जखम कुठे, हत्यार कोणतं, आरोपीचा पूर्वेतिहास काय, हे बघायचं, असा त्याचा आशय. दोन्ही पक्षांना रजिस्ट्रारसमोर बोलावून तडजोड खरी आहे का ते तपासतात आणि मग आदेश होतो.

तिथे खर्च करायची ऐपत नसेल तर खालच्या कोर्टात समेट सांगायला तरीही विसरू नका. दोष सिद्ध झालाच तर शिक्षा ठरवताना समेटाला वजन असतं, आणि पहिलाच गुन्हा असेल तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूदही आहे.

११. मिटवण्यासाठी पैसे घेणं हा गुन्हा आहे का? औषधपाण्याचा खर्च तर मिळायला हवा.

यादीत असलेल्या गुन्ह्यात भरपाई घेऊन मिटवणं कायदेशीर आहे. घेतलेली रक्कम अर्जात उघड लिहा, बँकेतून घ्या. यादीबाहेरचा गुन्हा दाबण्यासाठी पैसे घेणं हा मात्र न्याय संहितेच्या कलम २५० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, देणाऱ्याला २५१ लागतं, आणि तसा करार कोर्टात अंमलात येत नाही. स्टँप पेपरवर नोटरी करून घेतला म्हणून तो वैध होत नाही.

माझं कळकळीचं सांगणं: रक्कम हातात पडल्याशिवाय कोर्टात "हो" म्हणू नका. हप्त्यांच्या आश्वासनावर निर्दोष सुटका झाली की फौजदारी केस पुन्हा उघडत नाही.

१२. चेक बाउन्सची केस यातच येते का?

ती वेगळ्या कायद्यातली. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ त्याच कायद्याच्या कलम १४७ मुळे मिटतं. उशिरा मिटवलं तर खर्चाची रक्कम वाढते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घातलेले दर २०२५ मध्ये कमी केले: आरोपीच्या बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी चेकची रक्कम भरली तर काही नाही, त्यानंतर पण निकालाआधी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. हप्ते ठरवायचेच असतील तर लोकअदालतीत ठरवा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.

१३. घरगुती आणि बायकांच्या केसेसचं काय? "बसून मिटवून टाका" असं सगळेच म्हणतात.

इथे थांबून वाचा. सासरच्या छळाचं कलम ८५ (जुनं ४९८-अ) यादीत नाही. नवरा-बायकोने खरोखर समेट केला किंवा सहमतीने घटस्फोट घेतला, तर उच्च न्यायालय ती केस रद्द करतं आणि ते योग्यच आहे. महिला ठाण्यातलं समुपदेशन फिर्यादीआधी होऊ शकतं. पण त्याला "नाही" म्हणण्याचा तुमचा हक्क आहे.

विनयभंगाचं कलम ७४ मिटत नाही. जुन्या संहितेत त्याचं पूर्वीचं कलम ३५४ परवानगीने मिटायचं, नंतरच्या दुरुस्तीने ते काढलं. शब्दाने किंवा हावभावाने अपमान, कलम ७९, एवढंच त्या बाईच्या इच्छेने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटतं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत, पॉक्सोमध्ये, तडजोड हा शब्दच काढू नका.

आपल्या शहराशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुलै २०२० मध्ये इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने फिर्यादी बाईच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत न्यायालयांनी आरोपी-पीडितेत समेट किंवा लग्न सुचवू नये, असं बजावलं. तुमच्या घरात काका, आत्या किंवा मंडळाचे अध्यक्ष असा सल्ला देत असतील तर त्यांना हा निकाल दाखवा. समाजाची अब्रू त्या मुलीच्या गप्प बसण्यावर टांगून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

१४. लोकअदालतीत कुठलीही केस मिटते असं ऐकलं. खरं का?

नाही. यादीबाहेरचा गुन्हा लोकअदालतीच्या अधिकारातच नाही, १९८७ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. मिटण्याजोग्या केससाठी मात्र तो दिवस उत्तम. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते, निवाड्यावर अपील नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच आहे. वकील परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी तिथे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

१५. मुलगा स्पर्धा परीक्षा देतोय. तडजोडीने सुटला तर फॉर्ममध्ये केस लिहायची का?

विचारलं असेल तर लिहायची. तडजोडीने झालेली सुटका कायद्याने निर्दोष सुटकाच. पण नोकरी देणारं खातं ती "सन्मानपूर्वक" होती का ते बघू शकतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेश पोलीस भरतीतलंच प्रकरण होतं. उमेदवाराने केस उघड केली होती, नंतर ती तडजोडीने मिटली, तरी खात्याने अपात्र ठरवलं आणि न्यायालयाने खात्याचा निर्णय कायम ठेवला. लपवलेलं तर त्याहून वाईट, कारण मग प्रश्न खोटेपणाचा होतो. म्हणून पोराच्या भांडणात शक्य असेल तर अदम चेकच्या पायरीवरच (प्रश्न ५) शांत व्हा.

१६. कारने धडक दिली. जखमींशी मिटलं, तरी केस चालूच आहे.

दुखापतीचं कलम १२५ परवानगीने मिटतं. बेदरकार वाहन चालवण्याचं २८१ मिटत नाही, कारण तो धोका रस्त्यावरच्या सगळ्यांना होता. मृत्यू झाला असेल तर तडजोड नाहीच. विम्याच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा चालतो. फौजदारी राजीनामा लिहिताना "सर्व दावे सोडले" असं वाक्य मागच्या दाराने घुसू देऊ नका.

१७. केस मिटली, तरी एसीपी ऑफिसमधून १२६/१३५ ची नोटीस आली.

ही कलमं नागरिक सुरक्षा संहितेची. ती शिक्षा नाही, शांतता राखण्याच्या हमीची प्रतिबंधक कारवाई आहे. डिसेंबर २०२१ पासून इंदूरमध्ये पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे ही कारवाई शहरात पोलीस अधिकाऱ्यांसमोर चालते. ती आपोआप बंद होत नाही. राजीनाम्याची नकल घेऊन हजर व्हा आणि आता वाद नाही असं लेखी द्या.

१८. तडजोड करून महिना झाला नाही तर त्याने पुन्हा मारलं. जुनी केस उघडता येईल?

जुनी उघडत नाही. निर्दोष सुटका झाली ती झाली. पण नवी मारहाण हा नवा गुन्हा आहे, नवी फिर्याद द्या. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या, आणि पूर्वी तडजोड झाली होती हे फिर्यादीत लिहा. जुन्या आदेशाची नकल जोडा. ती घरात नसेल तर नकल शाखेत केस नंबर देऊन अर्ज करता येतो. मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला राजीनाम्याच्या दिवशीच दोन प्रतींचा अर्ज करायला लावते, एक घरात ठेवायला आणि एक माझ्या फाईलमध्ये.